जपानी जेवणाची सुरुवात भातापासून करावी

मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर पर्यटन वाढत गेले, तशी जगभरची जेवणे तिथे येऊन स्थिरावली. त्यांत जपानी जेवणही आले आणि त्याची ओळख झाली ती सुशीच्या रूपाने. किनाऱ्यापासून थोडे आत असलेल्या पार्से, तुये, विर्नोडा, कोरगाव या गावांतही आता हा पदार्थ नावाने ठाऊक आहे. पण नावासोबत एक समजही घट्ट झाला आहे. जपानी जेवण म्हणजे कच्चा मासा, भरमसाट किंमत, खाण्याची अवघड पद्धत आणि आपल्या जिभेला न रुचणारी चव, असा तो समज. जपानी जेवणाची ओळख चुकीच्या टोकाकडून करून घेतली, म्हणून तो झाला. सुशी जपानचीच, यात वाद नाही. मात्र बहुतेक जपानी घरांत सुशी रोज केली जात नाही. ती सणासमारंभाला किंवा बाहेर जाऊन खायची गोष्ट आहे. जपानी माणूस घरी जेवतो ते वाफाळता भात, वाटीभर सूप, भाजलेला किंवा शिजवलेला मासा, एखादी भाजी आणि लोणचे. ओळख या ताटापासून करून घेतली, तर पेडण्यातल्या माणसाला जपानी जेवण जवळचे वाटेल आणि सुशीकडेही तो अधिक जाणतेपणाने वळेल, असे माझे म्हणणे आहे.

या साध्या ताटाची जपानी मांडणी ठरलेली आहे. भात आणि लोणचे असतेच, त्याशिवाय एक सूप आणि तीन पदार्थ. तिन्हींपैकी एक मुख्य, बहुधा माशाचा किंवा टोफूचा, आणि दोन भाज्यांचे. ही मांडणी, ऋतूप्रमाणे बदलणारे जिन्नस आणि त्यांची मूळ चव राखण्याची धडपड यांमुळे जपानी खाद्यपरंपरेला २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. नोंद झाली ती एखाद्या प्रसिद्ध पदार्थाची नाही, जेवणाच्या एका संपूर्ण रीतीची. आता पार्से गावातल्या दुपारच्या ताटाकडे पाहा. उकड्या तांदळाचे शीत, माशाचे हुमण, तव्यावर भाजलेला किंवा तळलेला बांगडा, एखादी पालेभाजी, सोलांची कडी आणि लोणचे. दोन्हीकडे भात मध्यभागी आहे आणि बाकीचे सारे त्याला लावून खायचे आहे. दोन्हीकडे मासा रोजचा आहे, पण त्याचा तुकडा बेताचाच असतो. पोट भरते भाताने. तांदळाच्या जातीत मात्र फरक आहे. जपानी भात आखूड दाण्याचा आणि चिकट असतो, त्यामुळे तो काड्यांनी उचलता येतो आणि त्याचे ओनिगिरी नावाचे गोळेही वळता येतात. आपला उकडा भात सुटा राहतो, म्हणून तो कालवून खाल्ला जातो.

यावर कोणी म्हणेल की हे साम्य वरवरचे आहे. जिथे पाऊस, भातशेती आणि समुद्र आहे, तिथे भात-मासा असणारच. केरळात आहे, बंगालात आहे, व्हिएतनाममध्येही आहे. हा आक्षेप रास्त आहे. भात आणि मासा एवढ्यावरच थांबलो, तर काहीच सिद्ध होत नाही. म्हणून थोडे खोलात जाऊन पाहायला हवे, आणि त्यासाठी तिरफळाइतका चांगला साक्षीदार नाही. पेडण्यापासून मालवणापर्यंत बांगड्याच्या आणि तारल्याच्या हुमणात तिरफळे पडतातच. पावसात ती हिरवी मिळतात, एरवी सुकवलेली. काळी बी काढून टाकायची, टरफल किंचित ठेचायचे आणि हुमणात सोडायचे. जिभेला मुंग्या आल्यासारखी झिणझिण येते आणि माशाचा उग्र वास दबतो. जपानमध्ये हेच काम सान्शो करते. सान्शो हे तिरफळाच्याच वनस्पतिकुळातले, झँथोझायलम या एकाच प्रजातीतले भावंड. तिथेही बी टाकून टरफल घेतात, ते दळून पूड करतात आणि भाजलेल्या वाम माशावर, म्हणजे उनागीवर, भुरभुरवतात. जिभेवर झिणझिण आणणाऱ्या रसायनाला विज्ञानात सान्शूल म्हणतात. ते नाव या जपानी मसाल्यावरूनच पडले. दोन्ही ठिकाणी हा मसाला तेलकट माशाला लावला जातो. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन किनाऱ्यांनी एकाच अडचणीवर एकाच प्रजातीतल्या झाडांच्या मदतीने उत्तर काढले आहे. तेव्हा जपानी पदार्थांच्या यादीत पेडण्याच्या माणसाने उनागी काबायाकी वर ठेवावी. वाम चिरून पसरट करायचा, सोया सॉस आणि साखरेचा दाट रस पुन्हा पुन्हा लावत निखाऱ्यावर भाजायचा आणि गरम भातावर ठेवायचा. तोक्योकडे एकदा भाजून तो वाफवतात आणि मग पुन्हा भाजतात, ओसाकाकडे न वाफवता थेट भाजतात. वर सान्शो पडला की ती झिणझिण आपल्याला ओळखीचीच वाटेल.

दुसरा साक्षीदार लोणच्याचा. पेडण्यात कोवळी तोरे, म्हणजे कैऱ्या, मिठात घालून वर वजन ठेवून चेपतात. तोरांना आपलेच पाणी सुटते आणि त्याच खाऱ्या पाण्यात ती टिकतात. पावसाळ्यात उकड्या तांदळाच्या पेजेसोबत चेपणीचे एखादे तोर असले की दुसरे काही लागत नाही. जपानची उमेबोशी याच रीतीने होते. जर्दाळूच्या जातकुळीतले उमे नावाचे आंबट फळ जून महिन्यात, तिथल्या पावसाच्या दिवसांत, काढतात. फळांच्या वजनाच्या अठरा-वीस टक्के मीठ घालून वर भार ठेवतात, पाणी सुटले की लाल शिसोची पाने घालतात आणि पाऊस सरला की फळे तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवतात. ती खायची कशासोबत? ओकायुसोबत, म्हणजे जपानी पेजेसोबत. आजाऱ्याला, लहान मुलाला, पोट बिघडलेल्याला तिथेही पेज आणि हे लोणचे देतात. शिवाय ७ जानेवारीला सात कोवळ्या पालेभाज्या घातलेली पेज खाण्याची प्रथा आहे; नववर्षाच्या मेजवान्यांनंतर पोटाला विसावा मिळावा, हा तिचा हेतू. उमेबोशी पहिल्यांदा खाताना तिची खारट-आंबट चव डोळे मिटायला लावते. पण चेपणीच्या तोरावर वाढलेल्या माणसाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

आता मासा. बांगडा आणि जपानचा साबा हे एकाच घराण्यातले मासे आहेत, त्यामुळे साब्याचे दोन जुने पदार्थ आपल्याला सहज कळतील. पहिला शिओयाकी. माशाला मीठ लावून थोडा वेळ ठेवायचे, सुटलेले पाणी पुसायचे आणि कातडी कुरकुरीत होईपर्यंत विस्तवावर भाजायचे. सोबत किसलेला पांढरा मुळा आणि लिंबू. यात मसाला नाही, तेल नाही, रवा नाही. मासा ताजा नसेल तर तो लपवायला काही उरत नाही. म्हणून हा पदार्थ करणाऱ्याची परीक्षा बाजारातच सुरू होते. दुसरा मिसोनी. माशाच्या कातडीवर दोन चिरा द्यायच्या, तुकड्यांवर कढत पाणी ओतून ते लगेच गार पाण्यात धुवायचे, म्हणजे रक्त आणि वास निघून जातो. मग पाणी, साके, साखर आणि आल्याच्या चकत्या यांत तुकडे एका थरात मांडून मिसो कालवायचा आणि भांड्यापेक्षा लहान झाकण थेट माशावर टेकवून मंद आचेवर शिजवायचे. झाकणामुळे थोडाच रस सगळीकडे खेळतो आणि मासा न उलटता सारखा शिजतो. मिसो म्हणजे शिजवलेले सोयाबीन, मीठ आणि तांदळावर किंवा जवावर वाढवलेली कोजी नावाची बुरशी यांचे महिनोन्महिने मुरवलेले मिश्रण. मिसोनीचा दाट, गोडसर-खारट रस भातावर घेतला की हुमणाची आठवण होईल, पण त्यात नारळ नाही, मिरची नाही, आंबटपणाही नाही. शिओयाकी आणि मिसोनी हे दोन पदार्थ खाल्ले की जपानी स्वयंपाकाचा स्वभाव अर्धा समजतो.

उरलेला अर्धा समजतो तो दाशीमुळे, आणि खरा फरकही तिथेच आहे. आपल्या जेवणाचा पाया नारळ आणि वाटप. जपानी जेवणाचा पाया दाशी नावाचे पाणी. लिटरभर पाण्यात सुमारे दहा ग्रॅम कोम्बु, म्हणजे होक्काइदोच्या थंड समुद्रातले जाड वाळवलेले शेवाळ, अर्धा तास भिजवतात. मग मंद आच देतात आणि पाणी उकळायच्या आत कोम्बु बाहेर काढतात, कारण उकळला की तो बुळबुळीत आणि उग्र होतो. पाणी उकळले की आच बंद करून त्यात कात्सुओबुशीचे पातळ कीस टाकतात, दोनेक मिनिटांत ते तळाशी बसले की गाळून घेतात. कात्सुओबुशी म्हणजे कात्सुओ जातीचा कुपा मासा उकडून, काटे काढून, पुन्हा पुन्हा धुरी देऊन आणि चांगल्या प्रतीचा हवा असेल तर त्यावर बुरशी चढवून वाळवलेला लाकडासारखा टणक ठोकळा. हे प्रकरण भारतालाही नवे नाही. लक्षद्वीपमध्ये याच जातीचा कुपा उकडून, धुरी देऊन, वाळवून मासमीन करतात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, तेव्हा सुका बांगडा आणि सुकी सुंगटे घरात असतात आणि त्यांची किसमूर होते. सुक्या माशाची चव ताज्यापेक्षा वेगळी आणि दाट असते, हे पेडण्यात कोणाला शिकवावे लागत नाही. जपान्यांनी ती दाट चव पाण्यात उतरवली आणि त्या पाण्यावर सगळा स्वयंपाक उभा केला.

जपानी जेवण अळणी लागते, हा सर्वांत मोठा आक्षेप आहे आणि त्याचे उत्तर या पाण्यात आहे. १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बुच्या दाशीतून ग्लुटामेट वेगळे काढले आणि गोड, आंबट, खारट, कडू यांखेरीज उमामी ही पाचवी मूळ चव असल्याचे मांडले. १९१३ साली त्यांचे सहकारी शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतला इनोसिनेट शोधला. ही दोन द्रव्ये एकत्र आली की चव नुसती बेरजेइतकी वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे शेवाळ आणि सुका मासा एकत्र करणाऱ्या जुन्या स्वयंपाक्यांना जिभेने जे कळले होते, ते प्रयोगशाळेला फार उशिरा कळले. हे लक्षात घेतले की ‘अळणी’ हा शब्द मागे घ्यावा लागतो. तिखट आणि मसाला जिभेवर आधी पोचतात, दाशी मागून येते आणि घोट गिळल्यावरही रेंगाळते. तिला वेळ द्यावा लागतो. म्हणून पहिल्यांदा जपानी जेवताना झणझणीत काही आधी खाऊ नये आणि सुरुवात मिसोच्या सुपाने करावी: गरम दाशी, त्यात टोफूचे तुकडे आणि वाकामे शेवाळ, आणि आच बंद केल्यावर विरघळवलेला मिसो. मिसो उकळला तर त्याचा सुगंध उडतो. याच दाशीची दुसरी रूपे म्हणजे चावानमुशी, म्हणजे अंडे आणि दाशी एकत्र करून छोट्या भांड्यात वाफवलेला, चमच्याने सहज तुटणारा तिखटमिठाचा मऊ पदार्थ. बकव्हीटच्या पिठाच्या सोबा शेवया. आणि गव्हाच्या जाड उदोन. उन्हाळ्यात सोबा गार करून बुडवून खातात आणि आपल्या हवेत तो प्रकार अधिक मानवेल.

गोव्याच्या वाचकाला यापुढे एक प्रश्न पडेल: जपानशी गोव्याचा काही जुना संबंध आहे का? आहे, आणि तो चांगला नोंदलेला आहे. कागोशिमाचा आंजिरो १५४८ साली जुन्या गोव्यात बाप्तिस्मा घेऊन सेंट पॉल कॉलेजात शिकत होता आणि त्याच्यासोबत १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्टला कागोशिमात उतरले. १५८२ साली नागासाकीहून युरोपला निघालेले चार जपानी तरुण जाताना आणि परतताना गोव्यात थांबले. गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी हा पोर्तुगीज व्यापाराचा मार्ग होता. पिठात बुडवून तळण्याची जी रीत आज तेम्पुरा म्हणून प्रसिद्ध आहे, ती याच काळात पोर्तुगीजांमार्फत नागासाकीला पोचली. कास्तेला केक आणि कोम्पेतो ही साखरेची मिठाईही त्यांचीच देणगी. आपली भजी जहाजातून गेली आणि तिची तेम्पुरा झाली, असे म्हणण्याचा मोह इथे होतो. त्याला पुरावा नाही, म्हणून तसे म्हणू नये. शिवाय हा सगळा व्यवहार जुन्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या मुलखातला. पेडणे पोर्तुगीजांकडे आले १७८८ मध्ये, तेव्हा जपानने पोर्तुगीजांना हाकलून दीड शतक झाले होते. पेडण्याचे आणि जपानचे ताट जवळ आहे ते या इतिहासामुळे नव्हे, भातशेती आणि समुद्रामुळे. तेम्पुरा मात्र खावी ती भज्याशी ताडून पाहण्यासाठीच. बेसन नाही, मसाला नाही. गव्हाचे पीठ, अंडे आणि बर्फाइतके गार पाणी मोजकेच ढवळून, गुठळ्या राहिल्या तरी चालतील अशा बेताने, पातळ पीठ करायचे. वेष्टन इतके पातळ की आतले सुंगट किंवा वांगे स्वतःच्या वाफेवर शिजते. दाशी आणि सोया सॉसच्या रसात किसलेला मुळा घालून त्यात ती बुडवतात.

मिरचीची गोष्ट याहून बोलकी आहे. ती अमेरिकेतून आली आणि पोर्तुगीज जहाजांमुळे आशियाभर पसरली. पेडण्यात तिची हरमल मिरची झाली, जिला आता भौगोलिक मानांकन आहे, आणि ती हुमणाच्या वाटपात मुरली. जपानमध्येही मिरची पोचली, पण तिला स्वयंपाकाच्या मध्यभागी जागा मिळाली नाही. सतराव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, सात जिनसांचा शिचिमी मसाला निघाला. त्यात मिरची, सान्शो, तीळ, संत्र्याची साल असे जिन्नस असतात आणि तो शेवयांवर चिमूटभर टाकतात. एकच फळ, दोन किनारे, दोन निर्णय. आमचे बरोबर आणि त्यांचे चूक, किंवा उलट, असे यात नाही. नारळाचे दूध मिरची पेलते, दाशी पेलत नाही, इतका साधा हिशेब आहे. भारतीय कढीमसाला मात्र जपानने नंतर आनंदाने घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांकडून, पीठ लावून दाट केलेल्या रूपात, करी तिथे पोचली आणि आज ती जपानी घरांतला रोजचा पदार्थ आहे. जपानमध्ये आश्रय घेतलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी १९२७ मध्ये तोक्योच्या शिंजुकुमधल्या नाकामुराया या आपल्या सासुरवाडीच्या दुकानात खऱ्या भारतीय पद्धतीची करी सुरू करवली. ती तिथे आजही मिळते.

शाकाहारी वाचकाचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. दाशीत मासा असतो, म्हणून मेनूकार्डावर भाजीचा म्हणून छापलेला पदार्थही पुष्कळदा शाकाहारी नसतो. मिसोच्या सुपाबाबत तर आवर्जून विचारावे. पण म्हणून जपानी जेवण शाकाहाऱ्यांना बंद आहे, हा निष्कर्ष चुकीचा. बौद्ध मठांमध्ये शोजिन नावाची संपूर्ण शाकाहारी परंपरा शतकानुशतके चालत आली आहे. झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ साली मठातल्या स्वयंपाक्याच्या कर्तव्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भाजी निवडणे आणि तांदूळ धुणे यांना त्यांनी साधनेचा दर्जा दिला. या परंपरेत मांस-मासा वर्ज्य आहेच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य आहे. श्रावणात, सोमवारी, देवकार्याला आपल्याकडे जे शिवराक जेवण होते, त्याच्याशी हे नियम आपोआप जुळतात. कांदा-लसणाविना चव आणायची कशी, याचे उत्तर खतखत्यात आपण तिरफळ आणि नारळाने दिले आहे, आणि शोजिनमध्ये ते कोम्बु व वाळवलेल्या शिताके अळंब्यांच्या दाशीने दिले जाते. तीळ दळून कुड्झूच्या सत्त्वात घोटून बसवलेला गोमा-दोफु, वांगे भाजून वर गोड मिसो लावलेले देंगाकु, टोफूच्या तळलेल्या पिशवीत आंबटगोड भात भरलेली इनारी सुशी आणि काकडीची गुंडाळी हे पदार्थ शाकाहारी माणसाने आवर्जून मागावेत. इनारीची पिशवी बहुधा दाशीतच मुरवतात, तेवढी चौकशी मात्र आधी करावी.

आता सुशी, आणि कच्च्या माशाची भीती. सुशीचा मूळ प्रकार ताज्या कच्च्या माशाचा नव्हताच. मासा मीठ आणि भात यांत दाबून महिनोन्महिने आंबवायचा आणि टिकवायचा, ही तिची सुरुवात. बिवा सरोवराकाठची फुनाझुशी आजही तशी करतात. भाताच्या गोळ्यावर माशाचा काप ठेवायची निगिरी एदो शहरात १८२० च्या दशकात रूढ झाली. ती रस्त्यावरच्या टपरीवर उभ्याने खायची वस्तू होती आणि तेव्हा मासा टिकावा म्हणून तो बहुधा सोया सॉसमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेला, नाहीतर उकडलेला असे. आज जगभर आवडीने खाल्ली जाणारी सामन माशाची सुशी तर १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला पाळीव सामन जपानला विकायचे ठरवल्यानंतरची. थोडक्यात, कच्चेपणा हा सुशीचा एक टप्पा आहे, तिचा प्राण नाही. तिचा प्राण व्हिनेगर लावलेल्या भातात आहे. भीतीत तथ्य आहे तेवढे मान्य करावे. कच्च्या माशात अनिसाकिस नावाचा कृमी असू शकतो, व्हिनेगरने तो मरत नाही, आणि उणे २० अंशांवर किमान चोवीस तास गोठवणे हा जपानच्या आरोग्य खात्याने सांगितलेला उपाय आहे. घरच्या फ्रीजवर त्याबाबत विसंबू नये. बाजारातून आणलेला बांगडा किंवा इसवण घरी कच्चा खाण्याचा प्रयोग करूच नये. जाणत्या ठिकाणी सुरुवात उकडलेल्या सुंगटाच्या, भाजलेल्या वामाच्या किंवा अंड्याच्या सुशीने करावी आणि मन तयार झाले तरच कच्च्याकडे जावे. न गेले तरी जपानी जेवण हुकले असे होत नाही.

पैशांचा आणि आरोग्याचा मुद्दा उरतो. उपाहारगृहातली सुशी महाग असते, कारण मासा दुरून गोठवून येतो आणि कसबी हात लागतो. घरच्या ताटाला तेवढा खर्च नाही. मिसो, सोया सॉस आणि कोम्बु शहरांतल्या मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतात आणि दीर्घकाळ टिकतात. मासा, मुळा, वांगी, आले आपलेच. जपानी तांदूळ नसेल तर इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ कामाला येतो. जपानी जेवण म्हणजे आरोग्याची हमी, ही जाहिरात मात्र पूर्ण खरी नाही. तेल कमी, भाज्या-मासे जास्त, हे त्या जेवणाचे गुण. पण मिसो, सोया सॉस आणि लोणची यांमुळे जपानी माणसाच्या पोटात रोज सुमारे दहा ग्रॅम मीठ जाते आणि जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमांच्या आत राहायला सांगते. रक्तदाबाच्या रुग्णाने सूप वाटीभरच घ्यावे. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो आणि शिजवताना साके किंवा मिरिन ही मद्ये वापरली जातात, हेही ज्याला वर्ज्य असेल त्याने ध्यानात ठेवावे. गोड खाणाऱ्यांसाठी अझुकी या लाल कडधान्याच्या गोड पुरणाचे पदार्थ आहेत: चिकट तांदळाच्या पारीत भरलेले दाइफुकु आणि दोन छोट्या धिरड्यांमध्ये पुरण घातलेली दोरायाकी, जी डोरेमॉनमुळे आपल्या मुलांच्या आधीच ओळखीची आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. आपलीच पेज, किसमूर, खतखते मागे पडत असताना परक्या देशाच्या जेवणाचे कौतुक कशाला? याच कारणासाठी जपानकडे पाहावे, असे मला वाटते. तिथेही हीच घसरण झाली. दरडोई तांदूळ १९६२ साली वर्षाला सुमारे ११८ किलो खाल्ला जात होता, आज तो त्याच्या निम्म्याहूनही खाली आला आहे; पाव, रामेन आणि मांसाचे पदार्थ वाढले. जपानने त्यावर एक उपाय केला: रोजच्या जेवणालाच मान दिला. पारंपरिक जपानी अतिथिगृहात पाहुण्यासमोर सकाळी भात, मिसोचे सूप, मीठ लावून भाजलेला मासा आणि उमेबोशी मांडतात. ते घरचे साधे जेवण आहे म्हणून कोणी लाजत नाही, उलट पाहुणा त्यासाठीच येतो. पेडण्याच्या किनाऱ्यावरही तसा पाहुणा येतो, आणि त्याच्यासमोर उकड्या तांदळाची पेज, चेपणीचे तोर, भाजलेला बांगडा आणि सोलांची कडी मोठ्या हॉटेलांत क्वचितच येते. तिरफळ घातलेले हुमण चाखून सान्शोची उनागी आठवणारा जपानी पाहुणा आपल्या अंगणात येऊ शकतो. त्याला आपण आपले ताट वाढायला तयार असले पाहिजे. जपानी पदार्थ जरूर खावेत, आणि ते भात, सूप, मासा, लोणचे या ताटापासून सुरू करावेत. दुसऱ्याचे रोजचे जेवण आदराने खाणारा माणूस स्वतःचे रोजचे जेवण कमी लेखत नाही, आणि पेडण्यातल्या हॉटेलवाल्यांनी व गृहिणींनी जपानकडून घ्यायचा धडा तोच आहे.